घर लावताना आधी दार मोकळं करा

दिवाळी झाली की आमच्याकडे कोणाच्याही घरी जा, समोरच्या खोलीत पाहुण्याच्या आधी कापूस बसलेला असतो. भाव चढेल म्हणून थांबलेला. त्याच्या बाजूला मोटरसायकल, कारण बाहेर ठेवली तर रात्री कोणीतरी पेट्रोल काढून नेतं. दाराशेजारी मीटरचा बोर्ड. खिडकीत उन्हाळ्यातला कुलर अजून तसाच. कोपऱ्यात फवारणीचा बॅटरीपंप चार्जिंगला लावलेला. आणि या सगळ्यातून दारापर्यंत जायला माणूस अंग चोरून निघेल एवढीच वाट.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात फर्निचरची कामं करतो. सुतारकी वडिलांकडून आली, पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचं काम, नंतर शिकलो, आणि तेव्हापासून लोक मिस्त्री म्हणायचं सोडून ‘इंटेरिअरवाले’ म्हणायला लागले. गिऱ्हाईक रंग विचारतं, सनमायका विचारतं, टीव्हीच्या मागे काय लावू ते विचारतं. आग लागली तर या खोलीत काय होईल, हे आजवर दोघा-तिघांनीच विचारलं असेल, तेही शेजारपाजारी काही जळाल्यानंतर. हा लेख नव्या घरात राहायला जाणाऱ्यांसाठी आहे. घरकुल मिळालेले, वाड्यातून वेगळे निघालेले, नोकरीपायी खेड्यात पहिल्यांदाच घर भाड्यानं घेणारे. मी ज्या क्रमाने घर लावतो त्याच क्रमाने सांगतो.

त्याआधी एक हिशेब. आगीची गाडी तालुक्याला, नगरपरिषदेच्या आवारात. फोन लागणं, गाडीत पाणी असणं, पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता, गावातल्या बोळात वळण न बसणं, असं करत अर्धा तास कधी गेला ते कळत नाही. अमेरिकेतल्या यूएल या तपासणी संस्थेने बैठकीच्या दोन खोल्या मुद्दाम पेटवून पाहिल्या होत्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकडाचं-कापसाचं सामान, दुसरीत आजचं फोमचं आणि कृत्रिम धाग्याचं. फोमवाली खोली चार मिनिटांच्या आत वरपासून खालपर्यंत एकदम भडकली. जुन्या सामानाच्या खोलीला तेवढं व्हायला जवळजवळ अर्धा तास लागला. रस्त्याचा अर्धा तास तुमच्या हातात नाही, पण खोलीत काय भरायचं आणि कुठे ठेवायचं ते आहे.

पहिलं काम: वाट आखणे

घर रिकामं असतानाच खडू घ्या. जिथे बाज किंवा पलंग टाकणार आहात तिथून दारापर्यंत तीन फूट रुंदीचा पट्टा जमिनीवर आखा. या पट्ट्यात काहीही ठेवायचं नाही. पोतं नाही, सायकल नाही, लग्नात मिळालेलं टेबलही नाही. उरलेल्या जागेत घर लावायचं. लोक उलटं करतात, आधी सामान लावतात आणि उरेल ती वाट.

मोटरसायकलवरून माझी दर वेळी बाचाबाची होते. “बाहेर ठेवली तं कोनी नेईन ना बापा,” हे ठरलेलं उत्तर. खरंही आहे ते. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खाली तेवत असलेल्या दिव्यापर्यंत जाते. दाराच्या आत उभी गाडी पेटली, तर घरात असलेला माणूस आतच राहिला. म्हणून बांधकाम चालू असतानाच छपरीच्या खांबात किंवा भिंतीत लोखंडी कडं सिमेंटने पक्कं बसवून घ्या आणि गाडीला साखळी घाला. हे कडं बसवायला गवंड्याला दहा मिनिटं लागतात.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसकट २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. एवढ्याशा घराला बहुतेक वेळा दार एकच निघतं. दुसरी वाट म्हणून खिडकीच धरावी लागते, आणि तिला आपण चोराच्या भीतीने कायमचं गज बसवतो. वर उन्हाळ्यात तिच्यातच कुलर. माझं मत असं की घरातल्या एका तरी खिडकीचं ग्रिल बिजागरीवर उघडणारं हवं, कडी आतून, आणि खिडकी निदान दोन फूट रुंद व तीन फूट उंच. वेल्डिंगवाल्याला हे सांगायला लाजू नका, तो “कशाला?” विचारेलच. कुलर त्या खिडकीत नको, दुसरीत लावा. एकच खिडकी असेल तर कुलर भिंतीत वेगळं भोक पाडून किंवा दाराबाहेर घडवंचीवर बसवा.

मागचं दार असेल तर त्याच्यामागे पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, भारा रचू नका. चुलीला सोयीचं पडतं म्हणून सगळ्यांच्याच घरी तो तिथे असतो. रात्री आतून कुलूप लावायची सवय असेल तर किल्ली कुलुपाजवळच, पण खिडकीतून हात पोहोचणार नाही अशा खिळ्याला. उशीखाली नाही.

दुसरं: लाईन

वायरिंग माझा धंदा नाही, पण फर्निचर करताना वायरमनच्या डोक्यावर उभं राहावंच लागतं. त्यातून शिकलेलं एवढं.

मीटर आणि मेन स्विच दाराच्या अगदी लागून नको, आणि लाकडी पाटीवर तर नकोच. लोखंडी किंवा चांगल्या प्रतीच्या पेटीत, खाली-वर-बाजूला काही न टांगता. कितीतरी घरांत मेन स्विचवरच पिशव्या आणि दुपट्टे टांगलेले दिसतात. लाईटच्या सर्किटला दीड चौरस मिलिमीटरची, पाण्याचा हिटर किंवा मोठ्या पिनेच्या बोर्डाला अडीचची तांब्याची वायर, आयएसआय शिक्क्याची. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारा माणूस प्रत्येक गल्लीत एक असतो. त्याला हात लावू देऊ नका. फ्यूज उडणं हेच त्याचं काम आहे, जाड तार घातली की त्याच्याऐवजी भिंतीतली वायर तापते. शक्य असेल तर एमसीबीसोबत (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. तो शॉकपासून वाचवतो, आणि वायरचं आवरण खराब होऊन करंट ओलाव्यातून गळत असेल तरी लाईन तोडतो. त्याला नीट अर्थिंग हवं, खड्डा करून, हापशीच्या पाइपाला बांधलेलं नाही.

आमच्याकडची खास गोष्ट म्हणजे कमी व्होल्टेज. संध्याकाळी सगळ्या घरचे कुलर आणि वावरातल्या मोटरी एकदम चालू झाल्या की पंखा रांगायला लागतो. मोटर नीट फिरत नाही तेव्हा ती जास्त करंट खेचते आणि तापते. कुलरचा पंप गाळाने अडकला की तेच. पंप बंद पडला, खसाच्या किंवा वुडवूलच्या ताट्या कोरड्या झाल्या आणि पंखा फिरत राहिला, तर ४५ अंशांच्या दुपारी ती ताटी म्हणजे वाळलेलं गवतच. हंगाम संपला की ताट्या काढून फेका आणि कुलर खिडकीतून उतरवा. उन्हाळाभर खिळ्यांवरून लोंबणारी वायर आणि चार पिना खोचलेलं एक्स्टेन्शन, यांच्याऐवजी कुलरजवळ कायमचा एक बोर्ड बसवून घ्यायला फार खर्च येत नाही.

इन्व्हर्टरची नेहमीची, पाणी घालावी लागणारी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. ती पलंगाखाली किंवा कपाटात बंद करून ठेवू नका, हवेशीर जागी ठेवा.

तिसरं: चूल आणि गॅस

उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरोघरी सिलिंडर आलं, पण चूल गेली नाही. भाकरी चुलीवरची, चहा गॅसवरचा. दोन्ही असायला हरकत नाही, एकाच कोपऱ्यात असायला आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली जमिनीवर साचतो आणि सरपटत विस्तवाकडे जातो. म्हणून चूल पडवीत किंवा मागच्या छपरीत काढा, गॅस आतल्या ओट्यावर. सिलिंडर उभंच, शेगडीच्या पातळीच्या खाली, मोकळ्या जागी. ओट्याखाली त्याला लाकडी दार लावून द्या अशी मागणी असते. मी दाराला खाली आणि वर जाळी ठेवल्याशिवाय ते काम करत नाही. भिंतीतही जमिनीलगत एक विटेएवढं भोक बाहेर काढा. उंदीर येतात म्हणाल तर बारीक जाळी बसवा, पण कागदाने बुजवू नका.

नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरपेक्षा लांब नाही, आणि पाच वर्षांनी बदलायची. भिंतीतून आरपार नेलेली नळी मी दोन घरांत पाहिली. आतल्या बाजूला चीर पडली तरी कधी दिसणार नाही. वास आला तर स्विचला हात लावायचा नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, आणि बाहेर गेल्यावर १९०६ वर फोन.

ओट्याच्या वर फळी किंवा पडदा नको. तेलाची कढई पेटली तर तिच्यावर झाकण ठेवा, गॅस बंद करा आणि ती थंड होईस्तोवर उघडू नका. पाणी टाकलं तर ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं, पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा घेतं आणि पेटतं तेल आढ्यापर्यंत उडवतं. म्हणून ओट्याच्या बाजूला एक मोठं परातीएवढं झाकण खिळ्याला टांगून ठेवा.

चुलीतली राख ही आणखी एक गोष्ट. वरून पांढरी, आत इस्तो, म्हणजे विस्तव, जिवंत. उकिरड्यावर टाकलेली राख आणि वाऱ्याने तिच्याकडे आलेलं कुटार (मळणीचा भुसा), एवढ्यावर गोठे गेले आहेत. राखेला एक लोखंडी घमेलं ठेवा, रात्रभर तिथेच राहू द्या, सकाळी पाणी मारून टाका.

चौथं: कापूस, कुटार, तणस

खेड्यातल्या घरात सजावटीचं सगळ्यात मोठं सामान म्हणजे शेतमाल. शहरातल्या पुस्तकात हा धडा नाही, म्हणून इथे थोडा थांबतो.

कापूस पेटतो तो दोन टप्प्यांत. आधी वरच्या बारीक तंतूंवरून ज्वाळा सरसर पळते, क्षणभरात सगळ्या ढिगावर. ती विझली असं वाटतं. मग आत धुमसणं सुरू होतं, आणि ते तासन् तास, कधी दिवसभर चालतं, वरून काहीच दिसत नाही. पाणी मारलं तर घरंगळून जातं, कारण कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा नैसर्गिक थर असतो. यावर एक साधा उपाय आहे: बादलीत मूठभर धुण्याची पावडर विरघळवा. साबणाचं पाणी कापसात शिरतं. आग आटोक्यात आली की तो सगळा कापूस ओढून बाहेर मोकळ्यावर, घरापासून लांब, पातळ पसरा आणि दोन-तीन दिवस नजर ठेवा. विझवलेला कापूस परत घरात भरणं ही सगळ्यात मोठी चूक.

हे झालं पेटल्यावरचं. घर लावताना काय करायचं ते असं. कापसाला वेगळी खोली देता आली तर द्या, झोपायच्या खोलीत नको. खोलीला लाकडाचं भरीव दार आणि ते बंद ठेवायची सवय. बंद दार धूर आणि आग दोन्ही अडवतं, भरपूर वेळ मिळवून देतं. त्या खोलीत स्विचबोर्ड भिंतीच्या आत नको, दाराबाहेर हवा, आणि आत एकच एलईडी दिवा, काचेच्या बंद टोपणात, ढिगापासून निदान हातभर वर. लोंबता होल्डर नको. मोबाइल किंवा पंपाची बॅटरी तिथे चार्ज करायची नाही, आणि ढिगावर चढून दाबणाऱ्या माणसाच्या खिशात बिडीची काडी नाही. कापूस न्यायला गाडी येते तेव्हा हमाल अनोळखी असतात, त्यांना दाराबाहेरच सांगा.

वेगळी खोली नसेल, तर समोरच्या खोलीत एका भिंतीशी अडीच फुटांचा विटांचा कठडा घालून घ्या आणि कापूस त्याच्या मागेच. आखलेल्या पट्ट्यावर तो घसरत येऊ नये, हाच त्या कठड्याचा उपयोग. ढिगावर प्लॅस्टिकची ताडपत्री घालू नका, ती पेटली तर वितळून थेंब गाळते. जुनं सुती धोतर पुरे.

ओला वेचलेला कापूस लगेच भरू नका, ढीग आतून तापतो आणि कापूस पिवळा पडतो. कुटार, कडबा आणि झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातलं, तणस (भाताचा पेंढा) यांचं याहून वाईट. ओलं रचलं तर आतल्या आत तापून ते स्वतःहून पेटू शकतं. शंका आली तर लोखंडी सळाख ढिगात आतपर्यंत घालून थोडा वेळ ठेवा, काढून हात लावा. धरवत नसेल इतकी गरम निघाली तर पाण्याची सोय जवळ असल्याशिवाय ढीग फोडू नका, आत हवा गेली की भडका होतो.

आणि ढीग घराला लागून नको. तीस-चाळीस फूट अंतर मी सांगतो, जागा नसेल तर निदान वाऱ्याची दिशा बघून. उन्हाळ्यात धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवले जातात, मोहाखालचा पालापाचोळा जाळला जातो, ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही. कवेलूच्या (कौलांच्या) घरात ती फटीतून थेट माळ्यावर जाते, आणि माळ्यावर काय असतं ते तुम्हाला माहीत आहे: जुन्या गोधड्या, पोती, दोऱ्या, गेल्या वर्षीची रद्दी. माळा दर उन्हाळ्याआधी, होळीच्या आसपास, रिकामा करा.

गोठा घराच्या भिंतीला लागून असेल तर जनावरं सुटगाठीने बांधा, एका ओढीत सुटली पाहिजेत. अंधारात, घाबरलेल्या बैलाची घट्ट गाठ कोणाच्याने सुटत नाही.

पाचवं: छत

पत्र्याचं घर उन्हाळ्यात भट्टी होतं, म्हणून पत्र्याखाली काही तरी लावावं लागतं, आणि इथे माझा धंदा आणि माझं मत जरा भांडतात. सगळ्यात स्वस्त आहे थर्माकोल. मला तो लावायला पैसेही मिळतात. पण थर्माकोल १०० अंशांच्या आसपास मऊ पडतो, पेटला की पेटते थेंब खाली टपकतात, काळा धूर निघतो, आणि हे सगळं डोक्यावर होत असतं. पीव्हीसीच्या पट्ट्या थर्माकोलपेक्षा पेटायला जड असतात, पण जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, डोळे मिटावे लागतात, आणि डोळे मिटून दार कसं सापडेल?

त्याऐवजी पीओपी किंवा जिप्समच्या पाट्या. जिप्समच्या वजनाचा जवळपास पाचवा भाग पाणी असतं, घट्ट बांधलेलं. आग लागली की ते पाणी वाफ होऊन निघत राहतं आणि तोवर पाटी फार तापत नाही. सिमेंट-फायबरच्या पाट्याही चालतात. सांगाडा लाकडाचा न करता पत्र्याच्या चॅनेलचा करा. पैसे नसतील तर छत लावूच नका, पत्र्यावर बाहेरून पांढरा चुना मारा. उष्णता थोडी कमी होते आणि चुना जळत नाही.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. धाब्याच्या घरात लाकडावर मातीचा जाड थर असायचा, कुडाच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप. बांबू जळतो, माती जळत नाही. लेप जाड असेल तर ठिणगी आत शिरत नाही. कुडाचं घर असेल तर दर पावसाळ्यानंतर लेपाच्या भेगा बुजवणं हे तुमचं फायर-प्रूफिंग समजा, त्यासाठी कुणाला बोलवायला नको.

छताचं मी एवढं का सांगतो? तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत १६ जुलै २००४ ला स्वयंपाकघरातून आग निघाली, गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. आपल्याकडे खिचडी शिजवायची शेडं आणि वर्ग अजूनही कितीतरी ठिकाणी एका भिंतीने जोडलेले आहेत. शाळा व्यवस्थापन समितीवर असाल तर पुढच्या बैठकीत बघा, मुलांच्या वर्गाचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं का.

लाकडाबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. आलापल्लीच्या सागाचा जुना जाड खांब आगीत बाहेरून कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला वाचवतो. जाड लाकूड साधारण मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर या वेगाने जळतं. पातळ प्लायवूड तसं नाही, ते लवकर संपतं. म्हणून टीव्हीच्या मागे छतापर्यंत नेलेलं प्लाय-सनमायकाचं पॅनेल आणि त्यावर रंगीत दिव्यांची पट्टी, ही फॅशन मला रुचत नाही. करायचंच असेल तर दिव्याच्या ट्रान्सफॉर्मरला मागे मोकळी हवा द्या, आणि पॅनेल छताच्या एक फूट खाली थांबवा.

पॉलिशवाल्यांसाठी एक आडवळण. जवस आपल्या भागातलंच पीक. जवसाचं तेल लावलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो वाळताना स्वतःहून तापतो आणि पेटू शकतो. माझ्या कामाच्या जागी एकदा असा बोळा दुपारी दोन वाजता धूर काढू लागला, नशीब आम्ही जेवायला बाहेर गेलेलो नव्हतो. तेव्हापासून चिंध्या पाण्याच्या डब्यात, नाही तर उन्हात एकेक पसरून.

सहावं: पडदे, गाद्या, देव

हे थोडक्यात. फोमची गादी आणि सोफा जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असे दोन विषारी वायू सोडतात, माणूस जळायच्या आधी बेशुद्ध पडतो. कापसाची गादी बरी, पण ती धुमसते, त्यामुळे मच्छर अगरबत्ती पलंगाखाली ठेवू नका. ती पितळी ताटलीत, उघड्या जमिनीवर, मच्छरदाणीपासून दूर.

नायलॉनचा पडदा वितळून अंगाला चिकटतो. जाड सुती कापड बरं, तेही शेगडी आणि देवघरापासून हातभर दूर. खोली अडवायला जुनं लुगडं बांधलं असेल तर ते खालपासून वरपर्यंत आग नेणारी वात आहे हे लक्षात ठेवा.

देवघर लाकडी असेल तर आत दिव्याच्या वर पत्र्याचा किंवा पितळेचा तुकडा ठोका, निरंजन खोल परातीत ठेवा. नवरात्रात अखंड दिवा असतो. घरात कोणी नसेल तेव्हा तो काचेच्या चिमणीत असू द्या. देव यावर रागावत नाही, असं आमची आजी म्हणायची.

सातवं: मांडव

घर नवं झालं की वास्तू होईल, मग कोणाचं तरी लग्न, म्हणून हेही इथेच. हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या कार्यक्रमात कृत्रिम कापडाचा मांडव पेटला, बाहेर पडायला वाट अपुरी होती, चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं खूप. मांडववाल्याशी ठरवताना तीन गोष्टी बोला. बाहेर पडायच्या दोन वाटा, समोरासमोर. आचाऱ्याची भट्टी मांडवाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आणि जनरेटर व त्याचं डिझेल मांडवाच्या कनातीला टेकून नाही. वर लोंबणाऱ्या झालरी आणि हॅलोजन दिवे एकमेकांना लागू देऊ नका.

आठवं: धूर आणि रात्र

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागली. दहा बाळं गेली, त्यातली बहुतेक धुराने गुदमरून. विदर्भात हे कोणाला सांगावं लागत नाही. सांगायचं एवढंच की ज्वाळा पोहोचण्याच्या आधी धूर पोहोचतो. तो वर जातो, छताला लागतो आणि तिथून थराथराने खाली उतरतो. शेवटची चांगली हवा जमिनीलगत असते. म्हणून घरातल्या मुलांना सांगा: धूर दिसला तर रांगत जायचं, पलंगाखाली किंवा कोठीमागे लपायचं नाही. मुलं आगीत लपतात, हाक मारली तरी बाहेर येत नाहीत.

म्हाताऱ्या माणसाची बाज दाराजवळ. काठी आणि विजेरी तिच्या पायथ्याशी. बॅटरीवर चालणारा धूर-अलार्म आता सहज मिळतो. तो झोपायच्या खोलीच्या छताला आणि कापसाच्या खोलीत लावा. स्वयंपाकघरात लावू नका, फोडणीलाच बोंबलेल आणि तुम्ही चिडून बॅटरी काढून ठेवाल.

नववं: विझवायला जवळ काय ठेवायचं

चार किंवा सहा किलोचं एबीसी पावडरचं सिलिंडर, आयएसआय शिक्क्याचं, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात. ते दाराजवळ टांगा, स्वयंपाकघराच्या आत नाही. आग जिथे लागते तिथेच ठेवलं तर आगीतून हात घालून काढावं लागतं. पिन काढायची, नळीचं तोंड ज्वाळेच्या बुडाशी, दांडा दाबायचा, डावीकडून उजवीकडे फिरवायचं. पावडर काही सेकंदांतच संपते, त्यामुळे पाठ कायम दाराकडे ठेवून उभे राहा.

ते परवडत नसेल तर रेतीच्या दोन बादल्या आणि पाण्याचा ड्रम. लाईन गेली की बोअरची मोटर बंद, म्हणून ड्रम रोज भरलेला हवा. आणि आपल्याकडे एक हत्यार आधीच आहे: पाठीवरचा फवारणी पंप, पंधरा-सोळा लिटरचा. लहानशा आगीला, कुटाराच्या कडेला लागलेल्याला, धुमसत्या कापसाला त्याचा फवारा बादलीपेक्षा कामाचा. अट एकच, या कामाचा पंप वेगळा, ज्यात कधीही औषध भरलेलं नाही. त्यावर लाल रंगाने पट्टा मारा. वीज चालू असेल तिथे पाणी मारू नका, आधी मेन बंद करा. तेलाच्या आगीला तर कधीच नाही.

दोन मिनिटांत आग आवरली नाही तर बाहेर या, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा. पत्ता सांगताना गावाचं नाव, तालुका, आणि गाडी कोणत्या बोळातून आत येईल ते सांगा. एखादा पोरगा मोटरसायकलवर फाट्यावर उभा करा, वाट दाखवायला. कोणी भाजलं तर जखमेवर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, टूथपेस्ट नाही, शाई नाही, आणि १०८ ची गाडी.

शेवटचं: एकदा अंधारात

सामान लागलं, पडदे चढले, गृहप्रवेश झाला, की एका रात्री मेन बंद करा आणि सगळ्यांना आपापल्या जागी झोपवा. मग एकाने आरडाओरडा करायचा. बाकीच्यांनी डोळे मिटून, जमिनीलगत, बाहेर यायचं आणि अंगणातल्या ठरलेल्या झाडाखाली जमायचं. आमच्या घरी पहिल्यांदा केलं तेव्हा वडील वरची कडी शोधत राहिले, कारण नव्या दाराला मीच ती हौसेने उंच बसवली होती. दुसऱ्या दिवशी ती कमरेच्या उंचीवर आणली. जुन्या जागेची दोन भोकं अजून तशीच आहेत, त्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची राहून गेली आहे.